आतडे बदलले, चिठ्ठी मात्र जुनीच

सकाळी साडेआठच्या सुमारास दवाखान्याचे शटर उघडत होतो, तेवढ्यात रिक्षातून एका बाईंना उतरवून आणले. वय अडतीस, कोरेगावकडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहाटे झोपेत फिट आली होती. जीभ चावली गेलेली, अंग ठणकत होते आणि अजून त्या पुरत्या भानावर आलेल्या नव्हत्या. बारा वर्षे त्या माझ्याकडे येत आहेत. शाळकरी वयापासून आकडीचा विकार. पण फेनिटॉइनच्या गोळ्यांवर गेली नऊ वर्षे एकही आकडी नव्हती.

माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "बाई, गोळी चुकवलीत ना?"

त्यांचे यजमान म्हणाले, "नाही हो डॉक्टर, एकही नाही." मी विश्वास ठेवला नाही. नऊ वर्षांनी आकडी आली म्हणजे गोळी चुकली, हे आम्हा डॉक्टरांचे ठरून गेलेले उत्तर असते, आणि दहांत आठ वेळा ते खरेही निघते. दुपारी यजमान पुन्हा आले ते कालनिर्णयची चार पाने घेऊन. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचीच ती पाने. रोज रात्री गोळी घेतली की त्या तारखेवर पेन्सिलीने एक टिकली. एकही तारीख रिकामी नव्हती.

साडेतीन महिन्यांपूर्वी बाईंनी पुण्यात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्याआधी वजन ११२ किलो होते, त्या दिवशी माझ्या काट्यावर ८८ भरले. साखर आटोक्यात आली होती, गुडघे दुखायचे थांबले होते, शाळेचा जिना न थांबता चढता येत होता. सगळे खूश होते. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ होती : 'पूर्वीची औषधे चालू ठेवावीत.' ते कार्ड बाईंनी ऑपरेशननंतरच्या पहिल्याच भेटीत मला दाखवले होते. मी ती ओळ वाचली आणि पान उलटले. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यात दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचा नाही. निदान निम्मा माझा आहे.

रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. बाईंचे ४ आले. गोळी रोज पोटात जात होती, तीनशे मिलिग्रॅम, पूर्वीइतकीच. ती रक्तात मात्र पोचत नव्हती.

वजन कमी करण्याचे ऑपरेशन आता नवलाईचे राहिलेले नाही. २०१७ साली इजिप्तमधून सुमारे पाचशे किलो वजनाच्या एका महिलेला विमानाने मुंबईला आणले होते. त्या बातम्या आपल्या वाचकांना आठवत असतील. आज आपल्या जिल्ह्यातूनही पुण्या-मुंबईला जाऊन लोक ही शस्त्रक्रिया करून येतात. ज्यांना ती खरोखर लागू आहे त्यांच्या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे या सगळ्यांवर तिचा चांगला परिणाम होतो. माझे म्हणणे एवढेच, की ऑपरेशन शहरात होते आणि गोळ्या गावात घेतल्या जातात. या दोन टोकांमध्ये जुनी चिठ्ठी कोणी तपासायची, हे बहुधा कोणीच ठरवलेले नसते.

आता गोळी पोटात गेल्यावर तिचे काय होते ते पाहू. गिळलेली गोळी प्रथम जठरात पडते. तिथे जठराचे स्नायू तिला घुसळतात आणि आम्लयुक्त रसात ती फुटते, विरघळते. बहुतेक औषधे जठरातून रक्तात जात नाहीत. ती जातात लहान आतड्यातून. लहान आतडे सुमारे वीस फूट लांब. त्याचा पहिला दहा इंचांचा भाग म्हणजे ड्युओडेनम. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथेच येऊन मिळतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. तिच्यामुळे शोषणाचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते, आणि बरीच औषधे वरच्या काही फुटांतच शोषली जातात. म्हणजे आधी विरघळणे, मग पित्ताशी मिसळणे, मग आतड्याच्या भिंतीला पुरेसा वेळ चिकटून राहणे, असा हा क्रम आहे. औषध कंपनी गोळी बनवते ती हा क्रम गृहीत धरूनच. 'जेवणानंतर एक' असे आम्ही चिठ्ठीवर लिहितो, तेही हाच क्रम गृहीत धरून.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्याला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत मावेल एवढे धरणारी पिशवी करतात आणि ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि ड्युओडेनम जागेवरच राहतात, पण अन्न तिकडे फिरकत नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस शंभर-दीडशे सेंटिमीटर खाली आल्यावर अन्नाला भेटतात. आपल्याकडे 'मिनी बायपास'ही बराच केला जातो. त्यात जोड एकच असतो, परंतु वगळलेले आतडे बहुधा दीडशे ते दोनशे सेंटिमीटर असते. नावात मिनी आहे म्हणून परिणाम मिनी समजू नये.

बायपासची कल्पना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांची. १९६६ साली त्यांनी ती अमलात आणली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे त्यांनी पाहिले होते. त्याआधी १९५४ पासून आतड्याचा फार मोठा भाग वगळण्याची एक शस्त्रक्रिया केली जात असे. तिने यकृत आणि मूत्रपिंडे बिघडू लागली, म्हणून ती पुढे सोडून देण्यात आली. आकडीच्या गोळ्या रक्तात नीट पोचत नाहीत, हे प्रथम त्या जुन्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत लक्षात आले आणि १९७० च्या दशकातच तसे छापूनही आले. तेव्हा बाईंच्या बाबतीत घडले त्यात नवीन काहीच नव्हते. मी वाचलेले नव्हते, एवढेच.

फेनिटॉइन पाण्यात सहजी विरघळत नाही आणि त्याचे शोषण मुख्यतः वरच्या आतड्यात, सावकाश होते. त्यातून बाई ती गोळी कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेत होत्या. पुण्याहून नवीन आलेल्या या गोळ्या 'रात्री विसरायला नको' म्हणून जुन्या गोळीला जोडून घेतलेल्या! कॅल्शियमने फेनिटॉइनचे शोषण आणखी घटते. मग डोस वाढवून का दिला नाही, असे कोणी विचारील. फेनिटॉइनची तऱ्हा अशी, की एका मर्यादेनंतर डोस थोडासा वाढवला तरी रक्तातले प्रमाण एकदम उडी मारते. माणूस झोकांड्या खातो, डोळे फिरतात. आतड्याचा अंदाज नसताना अशा औषधाशी खेळणे बरे नव्हे. त्यांना मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले. त्यांनी हळूहळू लेव्हेटिरासेटामवर आणले. हे औषध पाण्यात चांगले विरघळते, जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि पातळ स्वरूपातही मिळते.

या प्रसंगानंतर मी माझ्याकडे येणाऱ्या अशा सर्व रुग्णांच्या चिठ्ठ्या काढून बसलो. त्यात सर्वाधिक वेळा सापडलेली गोष्ट म्हणजे गोळीच्या नावामागची अक्षरे. वाचकांनी आपल्या घरातली पाकिटे काढून पाहावीत. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर यांपैकी काही लिहिले असेल, तर ती गोळी दहा-बारा तास किंवा दिवसभर थोडे थोडे औषध सोडत आतड्यातून प्रवास करण्यासाठी बनवलेली आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन आपल्याकडे बहुतेकांना एसआरच मिळते. बायपासनंतर हा प्रवासच आखूड होतो आणि औषध पुरते सुटण्याआधी गोळी पुढे निघून जाऊ शकते. अशा वेळी तेच औषध साध्या गोळीत, दिवसातून दोन-तीनदा विभागून घेणे बरे पडते. ईसी लिहिले असेल तर गोळीवर असे कवच आहे, जे जठरात न विरघळता आतड्यात विरघळते. त्याचेही गणित बिघडते. (शौचातून गोळीचे कवच तसेच्या तसे पडल्याचे काही जण घाबरून सांगतात. काही एसआर गोळ्यांत हे धडधाकट माणसातही होते. औषध निघून गेलेले असते आणि नुसता सांगाडा बाहेर पडतो. पण ऑपरेशन झालेल्याने तसे दिसल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.)

यातली मोठी चूक म्हणजे अशी गोळी खलबत्त्यात कुटणे. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे मोठ्या गोळ्या अडकतात, म्हणून त्या चुरून किंवा पातळ औषध घेण्यास सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण एसआर गोळी कुटली की दिवसभराचे औषध एका क्षणात सुटते; रक्तदाबाची असेल तर माणूस चक्कर येऊन पडेल. कुटण्यापूर्वी पाकिटावरची अक्षरे वाचावीत आणि विचारावे. उलट पित्ताची काही कॅप्सूल बायपासनंतर मुद्दाम उघडून आतले दाणे न चावता घ्यायला सांगतात, कारण तसे ते लवकर लागू पडतात. तेव्हा 'कधीच नाही' आणि 'नेहमीच' असा नियम करून चालत नाही.

औषध कमीच पोचते असेही नाही. मेटफॉर्मिनचेच पाहा. कॅनडात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास झालेल्यांच्या शरीरात साधी मेटफॉर्मिन इतरांपेक्षा जास्त प्रमाणात शोषली गेल्याचे दिसले. नॉर्वेतील संशोधकांनी कोलेस्टेरॉलच्या अटोर्वास्टॅटिनची पाहणी केली, तेव्हा बायपासनंतर काही रुग्णांच्या रक्तात ते घटले होते, तर काहींच्या रक्तात वाढले होते. ऑपरेशन तेच, औषध तेच, आणि परिणाम उलटसुलट! शिवाय आतडे हळूहळू जुळवून घेते. उरलेल्या भागातली लव वाढते आणि महिने-वर्षे गेल्यावर शोषण पुन्हा सुधारू शकते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात बसवलेला डोस दोन वर्षांनी जास्त होऊ शकतो. म्हणूनच कोष्टक पाहून डोस देता येत नाही, रक्त तपासूनच द्यावा लागतो.

शरीरही बदलत असते. थायरॉईडच्या गोळीचे उदाहरण घ्या. तिला विरघळायला आम्ल लागते, ते कमी झालेले; म्हणजे डोस वाढवावा लागेल असे वाटते. पण तीस किलो वजन उतरले की शरीराची गरजच घटते आणि कित्येकांचा डोस कमी करावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्याने टीएसएच दर दीड-दोन महिन्यांनी पाहणे हाच मार्ग. ही गोळी पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास दूर. लोह व कॅल्शियमही एकमेकांपासून दोन तास लांब ठेवायचे. कॅल्शियम घ्यायचे ते सायट्रेट स्वरूपातले, कारण स्वस्तात मिळणाऱ्या कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते. लोह मुळात ड्युओडेनममध्ये शोषले जाते आणि बायपासमध्ये तोच भाग वगळलेला. गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर 'बाई गोळ्या खात नाहीत' असे म्हणण्यापूर्वी शिरेतून लोह देण्याचा विचार करावा. हे मी माझ्या व्यवसायबंधूंसाठी लिहितो आहे. मलाही ते उशिरा कळले.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांत धोका उलट दिशेने येतो. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरू लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच डोसमध्ये चालू राहिले तर साखर एकाएकी खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची औषधे ऑपरेशनआधी काही दिवस बंद करावी लागतात आणि नंतरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करायची नसतात. खाणे तुटपुंजे असताना त्यांनी रक्तात आम्ल साठते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावामागे 'एच' असतो त्यांत बहुधा लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. पाणी घोट-घोट पिणाऱ्या माणसाला त्याने शोष पडतो. मनोविकारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर फारच सांभाळावे, शोष पडला की रक्तात लिथियम साठून विषबाधा होते. याउलट नैराश्यावरील सर्ट्रालिनसारख्या औषधांचे प्रमाण बायपासनंतर रक्तात कमी आढळले आहे. वजन उतरल्याच्या आनंदात असलेले माणूस तिसऱ्या महिन्यात गप्प-गप्प राहू लागले, तर घरच्यांनी 'आता तुला काय कमी आहे' असे न म्हणता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांची बाब नाजूक. वॉरफरिनचा लागणारा डोस ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कमी होतो, कारण भाजीपाला आणि त्यातले 'के' जीवनसत्त्व पोटात जात नाही. मग जेवण वाढेल तसा डोस पुन्हा वर चढतो. या काळात आयएनआर दर आठवड्याला, किंबहुना सुरुवातीला त्याहूनही वारंवार पाहावा लागतो. नव्या पिढीतल्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, हेच इथे अडचणीचे ठरते. रिव्हारोक्सॅबन वरच्या भागात आणि अन्नाबरोबर चांगले शोषले जाते, डॅबिगॅट्रानला आम्ल लागते. पायातील शिरेत गाठ झालेल्यांना ऑपरेशननंतर निदान पहिले चार आठवडे या गोळ्यांऐवजी इंजेक्शन द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची २०२१ ची शिफारस आहे.

दुखण्याच्या गोळ्यांचा प्रश्न शोषणाचा नाही, पण तो सोडून चालणार नाही. बायपासमध्ये जिथे पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांनी व्रण होतो. तो रक्तस्राव करतो, क्वचित फुटतो. कंबर धरली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या ही आपली सवय. ऑपरेशन झालेल्याने पॅरासिटामॉलवर भागवावे. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती ॲलेंड्रोनेटची गोळीही टाळावी. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून गोळी बंद करू नये. स्टेंट बसवलेला असेल तर ती बंद करणे जिवावर बेतेल. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून तो निर्णय घ्यायचा असतो.

एक गोष्ट महिला वाचकांसाठी, आणि ती बहुतेक ठिकाणी संकोचापायी राहून जाते. वजन फार असताना पाळी अनियमित असते, दिवस राहत नाहीत. वजन उतरले की पाळी सुरळीत होते आणि गर्भधारणेची शक्यता एकदम वाढते. नेमक्या याच वेळी तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर बायपासनंतर भरवसा ठेवता येत नाही, मग ती सरकारी माला-डी असो की महागातली. ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत असे सांगतात, कारण त्या काळात आईच्याच अंगात लोह, फोलिक ॲसिड, बी-१२ यांचा तुटवडा असतो. तांबी हा यावरचा सोपा उपाय आणि तिला आतड्याशी काही देणेघेणे नाही. माझ्या बाईंच्या बाबतीत तर दुहेरी घोटाळा होता. फेनिटॉइन यकृताला उत्तेजन देऊन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम आधीच कमी करते. त्या गोळी घेत नव्हत्या हे नशीब.

आपल्या जिल्ह्यात क्षयरोग अजून आहे. जठराचा भाग काढलेल्या किंवा आतडे वगळलेल्या व्यक्तीत क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, आणि क्षयाच्या गोळ्या, विशेषतः रिफाम्पिसिन, रक्तात पुरेशा पोचत नाहीत असे प्रसंग नोंदले गेले आहेत. सरकारी केंद्रात औषध सुरू होताना ऑपरेशनचा उल्लेख जरूर करावा. कोणी विचारणार नाही. आपण होऊन सांगावे.

आता सलाईनविषयी. ऑपरेशननंतर काही रुग्णांना आठवडेच्या आठवडे उलट्या होतात. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात, 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' म्हणतात, आणि बाटली बहुधा ग्लुकोजची असते. थायमिनची कमतरता असताना आधी ग्लुकोज गेले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. नजर दुहेरी होते, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो, आणि उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, इतका साधा हा उपाय आहे. ते इंजेक्शन स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळते. प्रश्न फक्त डॉक्टरला ऑपरेशनची माहिती असण्याचा. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचे व्रण इतके बारीक असतात, की पोट तपासतानाही पटकन नजरेत येत नाहीत.

शस्त्रक्रिया करायचे ठरलेच असेल, तर जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढ्यांसकट, एका पिशवीत घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्याव्यात. ज्या औषधाचे रक्तातले प्रमाण मोजता येते ते ऑपरेशनआधी मोजून ठेवावे; नंतरच्या आकड्याशी ताडून पाहायला तोच उपयोगी पडतो. बाईंचा ऑपरेशनआधीचा आकडा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. परत आल्यावर आपले ऑपरेशन स्लीव्हचे की बायपासचे हे घरातल्या एका तरी माणसाला पाठ असावे. 'पोटाचे झाले' एवढे सांगितले तर मला अपेंडिक्सही वाटू शकते. पातळ औषध चांगले म्हणून कोणतेही सिरप प्यायचे असेही नाही. काहींत साखर इतकी असते की बायपास झालेल्याला ते घेतल्यावर धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. आणि दारू, तिला औषध म्हणायचे नाही, पण या ऑपरेशनांनंतर ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. आधी पचत होती तेवढी आताही पचेल, या हिशेबात राहू नये.

बाईंना त्यानंतर आकडी आलेली नाही. सव्वादोन वर्षे झाली. वजन ७१ वर थांबले आहे. बी-१२ चे इंजेक्शन घ्यायला त्या येतात, तेव्हा कालनिर्णयचे पान अजूनही आणून दाखवतात, आणि ते त्या मुद्दाम करतात असा माझा संशय आहे. त्यांच्या पर्समध्ये वहीच्या पुठ्ठ्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला एक मजकूर असतो. तो आम्ही दोघांनी मिळून तयार केला. ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा, आपल्या डॉक्टरांकडून त्यात आपल्यापुरता बदल करून घ्यावा :

'माझी जठर-बायपास शस्त्रक्रिया झालेली आहे (तारीख, रुग्णालय). दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये; पॅरासिटामॉल चालते. एसआर, एक्सआर, ईसी गोळ्या देण्यापूर्वी विचार व्हावा. उलट्या होत असल्यास ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचे इंजेक्शन द्यावे. मला आकडीचा विकार आहे; औषध लेव्हेटिरासेटाम, सकाळी व रात्री. आकडी आल्यास गोळी चुकली असे धरून चालू नये, रक्त तपासावे.'

शेवटचे वाक्य बाईंनी घातले.